घर फिरलं, वासेही फिरले

बंद असलेला पंखा फिरायला लागला, तेव्हा मी सिंगापुरात अकराव्या मजल्यावर गादीची कड दोन्ही हातांनी धरून पडले होते. नुसती कूस बदलायचं निमित्त. पंख्यामागून कपाट, खिडकी आणि खिडकीतली समोरची इमारतही निघाली.

डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आतले चुन्याचे बारीक कण जागा सोडून नळीत घरंगळलेत. त्यांनी माझी मान वळवून मला आडवं केलं, मग दुसऱ्या अंगावर, मग उठवून बसवलं. पाच मिनिटांत गरगर थांबली. राहिलं ते जड डोकं, मळमळ आणि नुकतंच होडीतून उतरल्यासारखं चालणं.

शेजारच्या आंटीला ते बघवेना. ती मला तिच्या चिनी वैद्यांकडे घेऊन गेली. त्यांनी मनगटावर तीन बोटं टेकवली, जीभ काढायला लावली आणि पांढरा थर बघून म्हणाले, कफ! थेट माझी आजीच बोलल्यासारखं वाटलं. चौदाव्या शतकातले चिनी वैद्य जू दानशी तर म्हणून गेलेत की, कफ नाही तर चक्कर नाही. हिशेब असा, की पचन मंदावलं की अंगात ओल साचते, तिचा कफ होतो आणि यकृतातून उठलेला वारा त्याला डोक्यात चढवतो.

त्यावरचा काढा १७३२ च्या एका ग्रंथातला. भिंतभर लाकडी खण. दुकानदार एकेक ओढून चिमटीनं तराजूत टाकत होता. संत्र्याची वाळकी साल, ज्येष्ठमध, आलं हे ओळखीचे. तिएनमाच्या मात्र मेणचट, अर्धपारदर्शक चकत्या. हे एक ऑर्किड, पण पान नाही की हिरवेपणा नाही. जमिनीखाली बुरशीच्या जिवावर वाढतं. त्यातलं गॅस्ट्रोडिन नावाचं द्रव्य प्राण्यांवरच्या प्रयोगांत मज्जातंतूंची खळबळ शांत करताना दिसलं आहे.

मला गंमत वाटली ती बानशिआ या कंदाची. नावाचा अर्थ ‘अर्धा उन्हाळा’. हा निघाला आपल्या अळूचा भाऊबंद! कच्चा खाल्ला तर घसा धरतो, त्याच त्या सुईसारख्या स्फटिकांमुळे. आपण फदफद्यात चिंच घालतो, तसा हा कंद आलं आणि तुरटीबरोबर मुरवतात, तेव्हा तो मळमळीवर चालतो. म्हणजे कानातले कॅल्शियमचे खडे जागेवर बसवल्यावर उरलेली मळमळ घालवायला पुन्हा कॅल्शियमच्याच सुया बाळगणारा कंद!

खडे हलवायचं काम काढ्याचं नव्हे, ते डॉक्टरांनी केलंच होतं. पण मेनिएर या चक्कर आणणाऱ्या आजारात कानाच्या आतलं पाणी वाढतं, आणि चिनी वैद्य चकरेवर अंगातलं पाणी उतरवणारी झेशिए नावाची पाणवनस्पती शेकडो वर्षं देत आलेत, हे वाचून मी जरा थबकले. चीनमध्ये चाचण्या पुष्कळ झाल्यात, पण बऱ्याचशा लहान आणि ढिल्या. मला तरी त्यावरून पैज लावता येणार नाही.

काढा उकळला तेव्हा स्वयंपाकघरात थेट गोठ्याचा वास सुटला. नाक दाबून सात दिवस घेतला. आठव्या दिवशी चाल सरळ झाली. काढ्यानं, की दिवस गेल्यानं? तसंही हे डोकं जड होणं बहुतेकांचं आपोआप ओसरतं.

लिफ्टमध्ये आंटी भेटली. ‘औषध लागू पडलं ना?’ मी मान डोलावली. जरा जपूनच.