तुम्ही विचारलंत म्हणून : लिपो की लायपो?

लिथियम-पॉलिमर बॅटरीचं हे तोकडं नाव, आणि दोन्ही चालतं. या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच संपतं, पण तो विचारणाऱ्याला बहुतेक वेळा आणखी काहीतरी हवं असतं. दुकानात किंवा फोनवर आपण बोललो ते समोरच्याने बरोबर ऐकलं का, ही खरी धाकधूक असते. आणि ती रास्त आहे, कारण बॅटरीच्या काही नावांमध्ये फरक एका ‘फ’चा असतो आणि चार सेलच्या पॅकला तो दोन व्होल्टांहून जास्त पडतो.

आधी ‘लाय’ कुठून आला ते पाहू. लिथियमला कोणी लायथियम म्हणत नाही, निकेलला नायकेल म्हणत नाही. तरी संक्षेप झाला की लायपो आणि नायकॅड (निकेल-कॅडमियम). हे वळण वायफाय, हायफाय, सायफाय यांचं आहे: इंग्रजीत दोन अक्षरांचा तुकडा ‘आय’वर संपला की जीभ ‘आय’कडे वळते. मूळ शब्दाशी इमान राखायचं तर लिपो आणि निकॅड जास्त बरोबर. पण बोलीला इमानाचं फारसं पडलेलं नसतं, त्यामुळे समोरचा जे म्हणतो ते म्हणा. यातला ‘पो’ पॉलिमरचा. रसायनशास्त्राच्या नियमाने वाचलं तर तो पोलोनियम होईल, म्हणून हे सूत्र नाही, नुसतं टोपणनाव आहे. आणि बाजारातला बहुतेक लिपो म्हणजे मऊ पाकिटात भरलेला लिथियम-आयनच.

आता खरी अडचण. ‘लायपो’ आणि ‘लाइफपो’ एकदा मोठ्याने म्हणून बघा. दुसरं नाव म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. त्याच्या सूत्राची अक्षरं सलग वाचून लोक ‘लाइफ-पो-फोर’ म्हणतात. एलआय म्हणजे लिथियम, एफई म्हणजे लोह. इथला ‘पो’ पॉलिमर नाही: पी म्हणजे फॉस्फरस, ओ म्हणजे ऑक्सिजन आणि चार हा ऑक्सिजनच्या अणूंचा आकडा. (ओच्या जागी शून्य छापलेली लेबलं पुष्कळ दिसतात.) लिपोचा सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. फॉस्फेटचा ३.२ व्होल्टचा आणि भरायची मर्यादा ३.६५. चार सेल ओळीने जोडले की लिपो १६.८ व्होल्टला भरतो, फॉस्फेट १४.६ला. फोनवर ‘फोर एस लाइफपो’ (फोर एस म्हणजे ओळीने चार सेल) सांगितलं, समोरच्याने ‘लायपो’ ऐकून तसा चार्जर दिला, तर तो प्रत्येक सेल ४.२कडे ढकलत राहतो. फॉस्फेटचा सेल त्याच्या बराच आधी भरलेला असतो. वरची सगळी वीज इलेक्ट्रोलाइट (सेलमधला आयन वाहून नेणारा द्रव) मोडण्यात जाते, आत वायू धरतो आणि सेल फुगतो. उलट चूक झाली, म्हणजे लिपोला फॉस्फेटचा चार्जर लावला, तर धोका नाही. पॅक नीट भरतच नाही आणि ‘बॅटरी खराब निघाली’ अशी तक्रार होते.

म्हणून लाइफपो हा उच्चार मी टाळतो. ‘एलएफपी’ म्हणावं. तीन सुटी अक्षरं, कशाशीच गल्लत नाही.

पूर्ण नाव सांगून सुटका होईल म्हणावं, तर तिथे दुसरा खड्डा. ‘लिथियम आयन’ आणि ‘लिथियम आयर्न’. ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत आयर्नमधला ‘र’ उच्चारतच नाहीत, त्यामुळे दोन्ही शब्द जवळपास एकच ऐकू येतात. मराठीत मात्र यावर सोपा उतारा आहे: लोह म्हणा. ‘लिथियम लोह फॉस्फेट’ ऐकून कोणी आयन समजणार नाही. आयन हा शब्द १८३४ साली फॅरेडेने वापरात आणला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘जाणारा’, आणि उत्तरायणातलं अयन त्याच धातुकुळातलं. तेव्हा ‘आयॉन’ म्हणायचा अट्टहास करू नका, ‘आयन’ आपल्या तोंडी छान बसतो.

निकेलवाल्यांत गोंधळ कमी, पण आहे. निकेल-मेटल हायड्राइडचं कोणी ‘निम’ करतं, कोणी ‘एन-आय-एम-एच’ अशी अक्षरं म्हणतं. अक्षरंच बरी. निकॅड आणि हे दोन्ही १.२ व्होल्टचे, म्हणून लोक एकाच चार्जरला लावतात. जलद चार्जर सेल भरल्याची खूण ओळखतो ती व्होल्टेज किंचित घसरण्यावरून. निकॅडमध्ये ही घसरण सेलमागे साधारण १० ते २० मिलिव्होल्ट असते, हायड्राइडमध्ये पाचेक किंवा त्याहून कमी. जुना निकॅड चार्जर मोठ्या घसरणीची वाट पाहत बसतो, लहान घसरण त्याला कळत नाही, आणि सेल हाताला चटका बसेल इतका तापतो.

आकडेही नीट तोडून वाचावे लागतात. १८६५० म्हणजे ‘अठरा हजार सहाशे पन्नास’ नव्हे: १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य सेल गोल नळीसारखा असल्याची खूण. ‘अठरा-पासष्ट-शून्य’ हे अर्थाला धरून, ‘एटीन-सिक्स-फिफ्टी’ हे बाजारात रुळलेलं. २१७०० तसंच. त्याआधी आयसीआर, आयएनआर, आयएमआर अशी अक्षरं असतात. पहिला आय लिथियम-आयनचा, शेवटचा आर गोलाचा, मधलं अक्षर कोबाल्ट, निकेल किंवा मँगेनीज. फोनवर एन आणि एमची अदलाबदल झाली तरी भरायची मर्यादा बहुधा ४.२च राहते. आयएफआर मात्र नीट ऐका. तिथला एफ लोहाचा, म्हणजे पुन्हा ३.६५.

क्षमतेच्या एककाला कोणी ‘एमएएच’ म्हणतं, कोणी चक्क ‘माह’, जणू बॅटरी महिनाभर चालणार आहे. मिलिअँपिअर-तास किंवा एमएएच, काहीही म्हणा, फक्त शेवटचा एच गाळू नका. ‘२२०० एमए’ हा प्रवाह झाला, साठा नव्हे. पॅकवरचा ‘२० सी’सुद्धा तापमान नाही, पॅक क्षमतेच्या किती पट प्रवाह देऊ शकतो त्याचा आकडा आहे: २२०० एमएएचला २० सी म्हणजे ४४ अँपिअर. शेजारी ४५ अंश सेल्सिअस छापलेलं असलं की नवखा माणूस हमखास फसतो.

आणि नुसतं ‘लिथियम सेल द्या’ असं कधीही मागू नका. पेन्सिल सेलच्या आकारात १.५ व्होल्टचा लिथियम सेल मिळतो, तो एकदाच वापरायचा, चार्ज करायचा नाही. त्याच आकारात १४५०० नावाचा ३.७ व्होल्टचा सेलही मिळतो. तो चार्ज होतो, पण १.५ व्होल्टच्या उपकरणात घातला तर उपकरण जाळू शकतो. बटन सेलचंही तेच: सीआर २०३२ फेकायचा, एलआयआर २०३२ पुन्हा भरायचा. दुकानदाराला नाव, आकार आणि व्होल्ट, तिन्ही एका दमात सांगा. मग लिपो म्हणा की लायपो.