पश्चिमेची खिडकी आणि आईंचा तंबोरा

एप्रिल संपत आला होता. पेपर तपासून साडेपाचला घरी आले आणि माडीवर तंबोऱ्याची गवसणी नीट करायला गेले, तर भोपळा हाताला गरम लागला. ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखा. खिडकीतून येणारं ऊन सरकत सरकत बरोबर त्या कोपऱ्यात पोचलं होतं.

तंबोरा आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत करून घेतलेला. तुनाचं लाकूड आणि पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरातलं कात्रण त्यांनी गवसणीच्या खिशात घालून ठेवलं, ते अजून तिथंच आहे. सतत तापत राहिलं की अशा वाद्याचं पॉलिश जातं आणि सांधे सुटतात. तो मी त्याच संध्याकाळी पूर्वेच्या खोलीत हलवला.

आईंना कसं हलवणार? वय ८२, गुडघ्यांमुळे जिना बंद. त्यांचा सगळा दिवस त्या खिडकीशी जातो. सांगलीच्या विश्रामबागेतला आमचा रस्ता, समोरचा गुलमोहर, क्लासला निघालेली पोरं, भाजीचा गाडा हे सगळं त्यांना तिथून दिसतं. जाड पडदा लावला की म्हणतात, "दिवसाढवळ्या अंधार करून बसायचं होय गं?" गेल्या वर्षी बाहेरून बांबूची चिक सोडली होती. ऊन अडवायला तिच्याइतकं चांगलं काही नाही, कारण ते काचेच्या बाहेरच थांबतं. पण तीही आई दोरी ओढून वर करून ठेवायच्या, आणि त्यांचं बरोबरच होतं. म्हणून काचेला ऊन अडवणारी पातळ फिल्म चिकटवायचं ठरवलं.

दुकानात पहिला प्रश्न आला, "किती काळी पाहिजे मॅडम?" इथंच बहुतेकांची फसगत होते असं मला आता मनापासून वाटतं. काळेपणा आणि गारवा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी गणित शिकवते, त्यामुळे आकडे मागून घेतले. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हातली ऊर्जा मोजली तर साधारण ५ टक्के अतिनील, ४०-४५ टक्के डोळ्यांना दिसणारा प्रकाश आणि उरलेली जवळजवळ निम्मी अवरक्त, म्हणजे न दिसणारी. या निम्म्या भागाला अडवून दिसणारा प्रकाश बराचसा आत सोडणारी फिल्म मिळते. तिला सिरॅमिक म्हणतात. साधी रंगवलेली काळी फिल्म करते ते उलट: प्रकाश अडवते आणि ऊन स्वतः शोषून घेते. मग काच तापते आणि तीच धग खोलीत सोडते. वर काही वर्षांत रंग उडून जांभळी पडते. जुन्या गाड्यांच्या काचांवर तो जांभळा रंग सगळ्यांनी पाहिला असेल.

आकड्यांतही एक मेख आहे. फलकावर मोठ्या अक्षरात "९५ टक्के उष्णता रोखते" असं लिहिलेलं असतं. ते बहुतेक वेळा फक्त अवरक्त किरणांबद्दल असतं, आणि तेही कित्येकदा त्यातल्या एखाद्याच तरंगलांबीवर मोजलेलं. ऊर्जेच्या निम्म्या भागातले ९५ टक्के म्हणजे एकूण उन्हातले ४७-४८ टक्के, एवढा हा साधा हिशेब. खरा आकडा 'टीएसईआर'चा, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती अडवली याचा. त्याच्या जोडीला 'व्हीएलटी', म्हणजे दिसणारा प्रकाश किती आत येतो, तेही बघायचं. हे दोन्ही आकडे कंपनीच्या छापील तक्त्यात असतात. दुकानदार म्हणाला, "असं कुणी विचारत नाही." तरी त्यानं आत जाऊन तक्ता शोधून आणला, हे मात्र सांगायलाच हवं.

मग दिव्याचा प्रयोग झाला. एक हॅलोजन दिवा, पुढे फिल्मचा तुकडा लावलेली काच आणि काचेमागे आपला हात. प्रत्येक तुकड्याला हात गारच लागतो, कारण पंधरा सेकंदांत दिवा बंद होतो. मी तो पाच मिनिटं चालू ठेवायला सांगितला आणि मग काचेला बोट लावून पाहिलं. काळ्या फिल्मची काच चांगलीच तापली होती. सिरॅमिकचीही तापली होती, तीही शोषतेच. पण तिच्यातून समोरचं कॅलेंडर स्वच्छ वाचता येत होतं.

आरशासारखी चकाकणारी फिल्म ऊन परतवण्यात चांगली आणि दरही त्या मानानं कमी. तीच घ्यायची असं ह्यांचं मत होतं, कारण बाहेरून आतलं दिसत नाही. पण हे फक्त दिवसा. ज्या बाजूला उजेड जास्त, ती बाजू आरसा होते. संध्याकाळी घरात दिवा लागला की सगळा मामला उलटतो: रस्त्यावरच्या माणसाला घर दिसतं आणि आईंना काचेत स्वतःचाच चेहरा. शिवाय मागच्या गल्लीत एका घराला अशी काच आहे. तिथं विणीच्या दिवसांत बुलबुल स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडत दिवसभर चोची मारत बसतो. ते बघवत नाही. मी नाहीच म्हटलं.

दिशेचंही सांगते, कारण आधी मी दक्षिणेच्या खिडकीलाही फिल्म लावणार होते. सांगलीला मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर येतो आणि पुढे ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीला थोडा उत्तरेकडेच कललेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला, वर छज्जा असेल तर, थेट ऊन लागतच नाही. छळतं ते पश्चिमेचं. चारनंतर सूर्य इतका खाली येतो की छज्ज्याचा काही उपयोग राहत नाही. एका खिडकीचे पैसे वाचले, आणि तेच पश्चिमेच्या चांगल्या फिल्मला घातले.

शेवटी घेतली ती ५० टक्के प्रकाश आत सोडणारी, एकूण ऊन ५५ टक्के अडवणारी, अतिनील ९९ टक्के अडवणारी सिरॅमिक. साधी काच अतिनीलमधला कातडी भाजणारा भाग बराचसा अडवते, पण रंग उडवणारा भाग आत येऊ देते. आईंच्या खुर्चीचं कापड एकाच बाजूनं विटलं होतं, त्याचं एक मोठं कारण हेच.

लावायला आलेला पोरगा हुशार होता. आधी त्यानं प्रत्येक काचेची कड बोटानं तपासली. टफन नसलेल्या, म्हणजे तापवून मजबूत न केलेल्या काचेची कड टवकलेली असेल, अर्ध्या काचेवर झाडाची सावली आणि अर्ध्यावर ऊन असेल, आणि वर ऊन शोषणारी फिल्म असेल, तर कमी-जास्त तापून काच तडकू शकते. जिन्यातल्या, आत तारेची जाळी असलेल्या काचेला तो "नको काकू" म्हणाला, तेही याच कारणानं. मग साबणाचं पाणी फवारून फिल्म आतल्या बाजूनं बसवली, स्क्वीजीनं, म्हणजे रबरी पट्टीनं, पाणी काढलं आणि कडेला बारीकशी फट ठेवून ब्लेडनं कापली. स्लायडिंगच्या दोन काचा जिथं एकमेकींवरून सरकतात तिथं ब्रशची पट्टी असते. ती धुळीनं कडक झाली होती. फिल्म ओरखडू नये म्हणून त्यानं ती आधी बदलून घेतली. मला हे सुचलंच नसतं.

शेजारच्या काकांनी गच्चीवरून विचारलं, "काळ्या फिल्मला बंदी आहे ना?" ती गाड्यांसाठी, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं घातलेली. घराच्या खिडकीचा तिच्याशी संबंध नाही.

फरक किती पडला? आईंच्या खुर्चीजवळ थर्मामीटर ठेवलाय. लावायच्या आधीच्या आठवड्यात पाचला ३८ च्या वर दाखवायचा, आता तसल्याच दिवशी ३६ च्या आसपास. दोनच अंश. स्लॅब आणि पश्चिमेची भिंत तापतात, त्याला फिल्म काय करणार? त्यासाठी गच्चीला पांढरा रंग द्यायचा आहे. पण हातावर पडणारं ऊन आता चटका देत नाही. पूर्वी साडेचार झाले की आई खुर्ची मागे ओढायला लावायच्या, ते बंद झालंय.

पहिले काही दिवस काचेत पाण्याचे बारीक फुगे आणि धुरकटपणा दिसत होता. आई काळजीत पडल्या. पोरगा महिनाभर काच पुसू नका म्हणून बजावून गेला होता. कामाला येणाऱ्या मावशींना आई रोज आठवण करायच्या आणि कुठला फुगा गेला ते मला संध्याकाळी दाखवायच्या. शेवटचा, उजव्या कोपऱ्यातला, विसाव्या दिवशी गेला. त्याच रविवारी आम्ही तंबोरा परत आणला, खिडकीपासून दोन हात लांब, आतल्या भिंतीशी. आईंनी गवसणी काढायला लावली, खुंट्या पिळल्या आणि रस्त्याकडे बघत बराच वेळ षड्ज छेडत राहिल्या.