निंबोळी अर्क आणि माळव्याचे ऊन

इंदूरजवळच्या आमच्या सोयाबीनवर उंटअळी दिसली की वडील निंबोळी अर्क फवारतात, पण संध्याकाळीच. कारण त्यातील अझाडिरॅक्टिन हा अळीची भूक मारणारा आणि तिचे कात टाकणे बिघडवणारा घटक उन्हातील अतिनील किरणांमुळे काही दिवसांतच निकामी होतो. कोळंबीच्या टरफलांपासून मिळणाऱ्या कायटोसानच्या किंवा मक्यातील झेइन या प्रथिनाच्या नॅनोकणांत तो बंदिस्त केला, तर किरणांपासून बचाव होतो, कण पानाला चिकटून राहतात आणि औषध हळूहळू पाझरते. (1 नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा 10 लाखावा भाग, वडिलांनी हे ऐकून पंपाच्या नोझलकडे संशयाने पाहिले.) मला मात्र शंका मधमाश्यांची आहे: पानावर जास्त दिवस टिकणारे औषध फुलोऱ्यातही जास्त दिवस राहणार.