दसऱ्यानंतरची रताळी

बेळगावच्या पश्चिमेला, बेळगुंदी-राकसकोपच्या पट्ट्यात तांबड्या मातीत रताळी चांगली पोसतात. नवरात्रात उपवासवाले असतात तोवर दलाल स्वतः फोन करतात. दसरा झाला की तेच दलाल फोन उचलत नाहीत. माझा धंदा नेमका तिथून सुरू होतो. छोट्या शेतकऱ्याचा नाकारलेला किंवा फुकापासरी मागितलेला माल टिकवायचा, नाहीतर वाळवून विकायचा. पत्र्याची एक शेड, प्लॅस्टिकचे क्रेट, चकत्या करायचं यंत्र आणि सोलर ड्रायर, एवढंच भांडवल.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच एका मामांचा फोन आला. "टेम्पो सांगून ठेवलोय रे. बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजला टाकतो सगळं. भाव आला की काढूया की."

"मामा, टेम्पो थांबवा. मी येतोय."

बटाटा दोन-चार अंशांत महिनोन्‌महिने राहतो, म्हणून रताळंही राहील असं बऱ्याच जणांना वाटतं. रताळं दहा-बारा अंशांच्या खाली गेलं की आतून बिघडतं. वरून दिसत नाही, पण शिजवलं तरी गाभा टणकच राहतो आणि बाहेर काढल्यावर भराभर कुजायला लागतं. म्हणजे भाडंही जातं आणि मालही.

मी पोचलो तेव्हा खळ्यात ढीग पडला होता. मामी आणि सूनबाई पाण्याची बादली घेऊन धुवायच्या तयारीत. आधी ती बादली बाजूला केली. टिकवायचं रताळं धुवायचं नसतं, माती हातानं झाडायची. मामींना ते पटलं नाही. "माल उजळ नको काय मग?" उजळ करायचं ते विकायच्या दिवशी, म्हटलं.

मग निवडायला बसलो. खरं काम हेच, आणि यंत्राला जमत नाही. नांगराच्या फाळानं चिरलेली रताळी एकीकडे, साल खरचटलेली दुसरीकडे, धडधाकट तिसरीकडे. ताज्या चिरेतून पांढरा चीक येतो, तो बोटांवर वाळून काळा होतो आणि साबणानंही जात नाही. मामींचा हात माझ्या दुप्पट चालत होता. उचलताना वजनावरूनच त्या पोखरलेलं रताळं ओळखायच्या.

पोखरलेल्या, बुरशी धरलेल्यांचा ढीग मामांनी सरळ म्हशीच्या गव्हाणीकडे ओढला. तिथं मात्र मी आवाज चढवला. भुंग्यानं पोखरलेल्या किंवा बुरशी आलेल्या रताळ्यात कडू विषारी द्रव्यं तयार होतात. ती खाल्लेल्या जनावराच्या फुप्फुसात पाणी होतं, धाप लागून जनावर दगावतं. मामा क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. "आमच्या बाबाच्या वेळेपासून टाकतोय की आम्ही!" पण ढीग उचलला. तो खड्ड्यात पुरला. खत म्हणूनसुद्धा पसरला नाही, नाहीतर भुंगा पुन्हा शेतातच.

धडधाकट आणि खरचटलेला माल शेडमध्ये क्रेटात रचला, भिंतींना ओली पोती लावली. तीसेक अंश ऊब आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास दमटपणा मिळाला की चार ते सात दिवसांत खरचटलेल्या जागी बुचासारखा थर धरतो, साल घट्ट होते. ऑक्टोबरची दुपार पत्र्याखाली ऊब फुकट देते. रात्री मात्र गारवा येतो, तेव्हा दार-खिडक्या बंद करायला माणूस लागतो. अंगठ्यानं चोळून साल सरकली नाही की माल तयार. मग हवेशीर, अंधाऱ्या जागेत.

चिरलेल्यांच्या त्याच दिवशी चकत्या केल्या. चारेक किलोला एक किलो वाळलेला माल पडतो, त्याचं उपवासाचं पीठ होतं. पिठाला बेळगावात गिऱ्हाईक आहे, गोव्याकडनंही मागणी येते.

दसऱ्यानंतर महिन्यानं कार्तिकी एकादशी. तिच्या आधीच्या आठवड्यात दलालाचा माणूस मामांच्या दारात आला. थोडा माल सुकला होता, काही कुजलाही होता, पण बाकीचा टणक. मामांनी पहिल्या भावाला मान हलवली नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला चहा सांगितला.

चकत्यांचे पैसे द्यायला गेलो तर मामांनी हात पुढे केला. मामींनी स्वयंपाकघरातनंच आवाज दिला, "निवडलोय मी, आणि पैसे ह्यांना? माझ्या खात्यावर घाल रे!"

मामींच्याच खात्यावर घातले.