एका ठरावासाठी नऊ खेपा

सकाळच्या पॅसेंजरच्या मागणीसाठी आम्ही सात ग्रामपंचायतींचे ठराव गोळा केले, खासदारांचं शिफारसपत्र आणलं, बाजारपेठेतल्या व्यापाऱ्यांच्या सह्या घेतल्या. हे सगळं सव्वा महिन्यात झालं. आमच्या स्वतःच्या नगर परिषदेचा एक पानी ठराव मिळायला मात्र सहा महिने लागले. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या कार्यालयात माझी कामं अजून पडतात. नांदेड–मनमाड मार्गावरच्या कुठल्याही गावच्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

मी अकरा वर्षं अपडाऊन करते. मार्च २०२० मध्ये गाड्या थांबल्या, पुढे पॅसेंजर परत आल्या त्या स्पेशल म्हणून, एक्स्प्रेसच्या भाड्याने. दहा रुपयांचं तिकीट तीस रुपयांना घेतलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये भाडं खाली आलं, पण आमच्या स्टेशनवर कामाला जाणाऱ्यांच्या सोयीची वेळ काही परत आली नाही. तेव्हापासून एसटी, नाहीतर वडाप. पावसाळ्यात वडापच्या मागच्या सीटवर बसून दीड तास जाणाऱ्या बाया मी रोज बघते. मीही त्यातलीच.

नांदेडच्या विभागीय कार्यालयात आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिथल्या एका अधिकाऱ्यांनी नीट बसवून समजावलं. नवी गाडी मागितली की ते तीन गोष्टी बघतात : रेक म्हणजे डब्यांचा संच मोकळा आहे का, एकेरी रुळावर समोरच्या गाडीशी क्रॉसिंगला जागा मिळते का आणि तिकिटं किती फाटतील. पहिल्या दोन त्यांच्या हातातल्या. तिसरी आम्ही दाखवायची. "तुमचं निवेदन हे निवेदनच राहतं. स्थानिक स्वराज्य संस्थेचा ठराव जोडा, म्हणजे ही गावाची मागणी आहे असं आम्हाला वर लिहिता येतं," असं ते म्हणाले. वर म्हणजे सिकंदराबादला, दक्षिण मध्य रेल्वेच्या मुख्यालयात. नांदेड विभाग २००३ मध्ये हैदराबाद विभागातून वेगळा झाला, पण मुख्यालय तिकडेच आहे.

इथेच एक सांगून टाकते. आम्ही आधी गाडी मनमाडपर्यंत मागितली होती. मनमाड मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात येतं, म्हणजे दोन झोनची संमती लागणार. मागणी मनमाडच्या अलीकडच्या नगरसोलपर्यंतची केली की सगळं नांदेड विभागातच राहतं. हे आम्हाला तिसऱ्या ग्रामपंचायतीचा ठराव झाल्यावर कळलं आणि तीन ठराव पुन्हा लिहून घ्यावे लागले. तुम्ही आधीच नकाशा बघा.

आता नगर परिषद.

पहिल्या खेपेला आवक खिडकीवर अर्ज दिला, शिक्का घेतला. सभा लिपिकांनी अर्ज वाचून परत माझ्यापुढे सरकवला. "मॅडम, रेल्वे केंद्राचं खातं आहे. आपला विषय नाही हा." मी म्हटलं, आपण गाडी चालवा म्हणत नाही, गावाची गरज आहे एवढं लिहून द्या. "बघू, साहेबांपुढे ठेवतो."

दुसऱ्या खेपेला अर्ज साहेबांपुढे गेलेलाच नव्हता. उलट नवी अडचण निघाली. सदस्यांची मुदत संपून बराच काळ झाला होता, कारभार प्रशासकांकडे होता. "सभागृहच नाही, ठराव घेणार कोण?" मी हिरमुसून घरी आले. हे चूक होतं हे मला नंतर समजलं. सभागृह नसतं तेव्हा त्याचे अधिकार प्रशासकांकडे असतात आणि त्यांच्या सहीने प्रशासकीय ठराव होतो. नळपट्टीपासून रस्त्यांपर्यंत सगळं तसंच चाललं होतं. मला ते त्याच दिवशी माहीत असतं तर महिना वाचला असता. या खेपेचा राग अजून गेलेला नाही.

तिसऱ्या खेपेला फाईल बांधकाम विभागात गेली होती. का, तर माझ्या अर्जात एक परिच्छेद स्टेशन रस्त्याचा होता. आमचं स्टेशन गावापासून किलोमीटरभर लांब. रस्त्यावर दिवे नाहीत. संध्याकाळच्या गाडीने उतरलेल्या मुली मोबाईलचा उजेड पाडत घोळक्याने चालतात. मी लिहिलं होतं की गाडी सुरू झाल्यास नगर परिषदेने या रस्त्यावर दिवे लावून सहकार्य करावे. माझ्या मते अर्जातला तोच सगळ्यात कामाचा भाग होता. गाडी देणं नगर परिषदेच्या हातात नाही, पण स्टेशनपर्यंतचा रस्ता शंभर टक्के तिच्या हातात आहे.

चौथी खेप, पाचवी खेप बांधकाम विभागातच. तिथल्या बाकावर बसून माझ्या दोन अर्ध्या रजा गेल्या. शेवटी फाईल परत आली ती एका ओळीची टिपणी घेऊन : "आर्थिक तरतूद उपलब्ध नाही."

सहाव्या खेपेला मी छापील कागद घेऊन गेले. तो आठवडा बीडला पहिली गाडी पोहोचल्याचा होता, १७ सप्टेंबर २०२५, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. सगळ्या पेपरांत फोटो. अहिल्यानगर–बीड–परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग १९९५ साली मंजूर झाला आणि त्याचा निम्मा खर्च राज्य सरकार देतं. वर्धा–यवतमाळ–नांदेडलाही राज्याचा चाळीस टक्के वाटा आहे. मी लिपिकांना विचारलं, रेल्वे हा फक्त केंद्राचा विषय असता तर राज्याने पैसे कशाला घातले असते? ते म्हणाले, "ते राज्य सरकार आहे मॅडम, ही नगर परिषद आहे." आणि पुढचा माणूस बोलावला. मी कागद घडी करून पिशवीत टाकले. त्या दिवशी रडू आलं, खरंच.

सोडवणूक झाली ती आमच्या गल्लीतल्या एका काकांमुळे. दुसऱ्या एका नगर परिषदेत त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. त्यांनी ओसरीवर बसून माझा अर्ज दोनदा वाचला, कानावरची पेन्सिल काढली आणि "सहकार्य करावे" या दोन शब्दांखाली रेघ मारली.

"बाई, यात पैसा दिसतो त्यांना."

"काका, आपण पैसे मागितलेच नाहीत."

"मागितले नाहीत, पण नाकारले बी नाहीत ना. उद्या कुणी तक्रार केली तर नगर परिषद कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठराव अडवतेत. त्याची भीती असते सही करणाऱ्याला. 'सहकार्य' काढ, 'शिफारस' लिही. अन् शेवटी लिही, या ठरावामुळे नगर परिषदेवर कोणताही आर्थिक भार पडणार नाही."

मग त्यांनी दिव्यांच्या परिच्छेदावर सरळ आडवी काट मारली. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, यासाठीच तर सगळं. ते म्हणाले, "हा वेगळा अर्ज आहे. याच्या पायी तो अडकला." रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यांचं ऐकलं. ते बरोबर होते हे मला मान्य आहे. तरी ती पेन्सिलची काट आठवली की अजून बोचतं.

सातव्या खेपेला नवा अर्ज दिला, सोबत ठरावाचा मसुदाच टाईप करून दिला. हे तुम्हीही करा. लिपिकाच्या टेबलावर चाळीस विषय असतात, तयार मसुदा असला की त्याला फक्त टिपणी लिहावी लागते. तेच लिपिक, तेच टेबल, आणि फाईल आठ दिवसांत प्रशासकांकडे गेली. निवडणुकीची आचारसंहिता कधीही लागेल अशी बोलवा होती, त्यामुळे जीव टांगणीला. दिवाळीच्या आधी सही झाली.

सही झाली म्हणजे काम झालं असं मी धरलं, तिथे आणखी दिवस गेले. नक्कल मागायला आठव्यांदा गेले तर ठरावाला क्रमांकच पडलेला नव्हता. लिपिकांनी ते जाड ठराव बुक माझ्यासमोर उघडलं. आमच्या ठरावाचा मजकूर होता, खाली सही होती, आणि डाव्या बाजूचा क्रमांकाचा चौकोन कोरा. क्रमांकाशिवाय सत्यप्रत निघत नाही. तेव्हा सही झाली त्याच दिवशी क्रमांक आणि तारीख विचारा. सत्यप्रतीच्या प्रत्येक पानावर गोल शिक्का आहे ना हेही तिथेच उभं राहून बघा.

दिवाळीनंतर नवव्या खेपेला प्रत मिळाली. फाटकापाशी उभी राहून मी ती तीनदा वाचली. गावाचं नाव, स्टेशनचं नाव, "सकाळच्या सत्रात प्रवासी गाडी सुरू करण्याची शिफारस करण्यात येत आहे." काकांना फोन केला तर ते म्हणाले, आधी चार झेरॉक्स काढ.

तिकिटांचं राहिलंच सांगायचं. माहितीच्या अधिकारात रेल्वेकडून आपल्या स्टेशनची महिनावार तिकीट विक्री मागवता येते. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. हा अर्ज सगळ्यात आधी टाका, म्हणजे ठराव होईपर्यंत आकडे हातात असतात. पण गाडीच सोयीची नसेल तर विक्री कमीच दिसणार, म्हणून आम्ही तीन दिवस सकाळी सहा ते आठ बसस्टँडवर आणि वडापच्या थांब्यावर वही घेऊन उभे राहिलो. कुठे जाता, रोज जाता का, गाडी असली तर पास काढाल का, एवढं विचारलं. रोज जाणारे आणि कधीमधी जाणारे यांच्या याद्या वेगळ्या ठेवा, पासवाले आणि तिकीटवाले रेल्वे वेगळे मोजते. नांदेडला फाईल दिली तेव्हा त्या अधिकाऱ्यांनी ठरावाइतकाच वेळ ही वही चाळली.

फाईलवर आवक शिक्का मिळाला. नंतर दोन ओळींचं पत्र आलं की प्रस्ताव तपासणीसाठी परिचालन शाखेकडे पाठवला आहे. परभणीच्या पश्चिमेला एकेरी रुळावर सकाळच्या वेळी जागा काढणं सोपं नाही, हे मला समजतं. दर महिन्याच्या पाच तारखेला मी स्मरणपत्र टाकते.

डिसेंबरच्या निवडणुकीनंतर आमच्याकडे नवं सभागृह आलं. काकांनी काटलेला परिच्छेद मी जानेवारीत वेगळा अर्ज करून दिला. यावेळी पहिल्याच ओळीत लिहिलं की यासाठी नगर परिषदेला खर्च करावा लागेल, आणि किती खांब लागतील ते रस्ता चालून मोजून लिहिलं. विषयपत्रिकेत तो अकराव्या क्रमांकावर आहे. सभा येत्या बुधवारी आहे आणि मी रजा टाकली आहे.