बाणासाठी नरकुल तोडायचा माझा अनुभव

पारंपरिक धनुष्यासाठी बाण स्वतःच करायचे असतील तर नरकुल, म्हणजे पाण्याकाठी वाढणारं वेतासारखं उंच गवत, शोधणं मुळीच अवघड नाही. इंदूरहून खंडवा रोडने बडवाहकडे उतरलं की नर्मदेला मिळणाऱ्या नाल्यांच्या काठी बेटंच्या बेटं उभी दिसतात. अवघड आहे ती परवानगी, आणि तो राग अजून गेला नाही म्हणून लिहितोय.

काठ जंगलखात्याचा की महसूलचा हे कोणी धड सांगत नाही. नियमाने जावं म्हणून जंगलखात्याच्या ऑफिसात गेलो, तर अर्जात रकाने लाकडाचे आणि बांबूचे, नरकुलाचा नाहीच. म्हटलं साहेब, हे गवत आहे, एक मोळी पुरे, तर म्हणे जमीन जंगलाची नाही असं पटवाऱ्याकडून (म्हणजे तलाठ्याकडून) लिहून आणा. पटवारी कधी सीमांकनाला, कधी मीटिंगला, भेटले तेव्हा म्हणाले खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा सर्व्हे नंबर, आणा. अहो, नदीकाठच्या नरकुलाच्या बेटाचा खसरा नंबर मी आणायचा कुठून? परत ऑफिसात, तर बाबू बदललेले आणि अर्ज सापडेना. मी पोचेवर शिक्का मारून घेतला होता म्हणून निदान भांडता तरी आलं, तुम्हीही घ्याच. आणि इकडे सीझन सरत चाललेला, कारण तोडायचं ते दिवाळीनंतरच्या थंडीत, वाढ थांबून कांडी पक्की झाल्यावर.

सुटलं ते एका शेतकरी दादांमुळे. त्यांच्या बांधावरून नरकुल शेतात घुसत होतं, म्हणाले, "ले जाओ भैया, जितना काटो उतना अच्छा." म्हणून सांगतो, आधी खाजगी बांध विचारा.

करंगळीहून बारीक, ८ ते १० मिलिमीटरची, लांब पेरांची, फाटे न फुटलेली कांडी निवडा आणि बाणापेक्षा वीतभर जास्तच कापा. मोळी घट्ट बांधून सावलीतच वाळवा, घाई केली की चिरते. मग शेगडीवर पेर गरम करून हळूहळू सरळ करायचं, हा भाग मला सगळ्यात आवडला. धनुष्याची दोरी बसायची खाच पेराच्या गाठीच्या लगेच वर घ्या आणि खाली दोरा गुंडाळा, नाहीतर कांडी उभी फाटते.

आणि हो, पाण्याकडे लक्ष ठेवा. वरच्या धरणातून पाणी सोडलं की नर्मदा बघता बघता चढते, २००५ मध्ये नर्मदाकाठच्या धाराजीला कितीतरी यात्रेकरू असेच वाहून गेले. मुख्य पात्रात उतरूच नका, नाल्याकाठी भरपूर मिळतं.