स्टडचा ताण, रंगाचा थर आणि डावं मागचं चाक

डाव्या मागच्या चाकाचा गुंता सुटला मंडळी! त्याचे नट दर तपासणीला ढिले सापडायचे. रेंच, स्टड (नट ज्यावर बसतात ते हबमधले खिळ्यासारखे बोल्ट), नट, ज्यांच्यावर आपण सगळे संशय घेत होतो, त्यांच्यापैकी एकाचाही दोष निघाला नाही.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात. पाच नटांची चाकं, एम१२ बाय १.५ चे आटे (१२ मिलिमीटर जाडी, एका फेऱ्याला दीड मिलिमीटर), नट रिममध्ये जिथे टेकतो ती ६० अंशांची निमुळती बैठक, आवळण्याच्या जोराचा (टॉर्कचा) गाडीच्या पुस्तकातला आकडा १०३ न्यूटन मीटर. बाकीची तीन चाकं एकदा आवळली की शंभरेक किलोमीटरनंतर तपासतानाही नट हलत नाही, टॉर्क रेंच (लावलेला आकडा गाठला की टक वाजणारा पाना) थेट टक. हे एकच चाक असं की दर तपासणीला पाचही नट टक व्हायच्या आधी चांगले डोळ्यांना दिसतील इतके फिरायचे. आवळा, चालवा, पुन्हा तेच. आणि खरी डोकेदुखी पुढेच आहे. नटापासून रिमपर्यंत मार्करने ओढलेल्या रेघा तपासणीआधी अगदी सरळ जुळलेल्या असायच्या. म्हणजे नट उलटा फिरतच नव्हता. तो जागेवर बसलेला होता आणि ताण मात्र कुठेतरी मुरत होता.

पहिली झडती अर्थात टॉर्क रेंचची. बादलीची चाचणी पुन्हा केली: चौकोनी टोक व्हाइसमध्ये, दांडा आडवा, मुठीच्या मध्यावर म्हणजे टोकापासून ४२ सेंटिमीटरवर बादली. रेंच १०० वर लावला तर साध्या गुणाकाराने २४.३ किलो हवेत. पण रेंचचं स्वतःचं वजनही खालीच ओढतं. माझा १.४ किलोचा आहे आणि त्याचा तोल २० सेंटिमीटरवर सापडतो, म्हणजे पावणेतीन न्यूटन मीटर फुकटात मिळतात. ते वजा करून २३.६ किलो. मग बादलीच्या वजनासकट हिशेब ठेवत पाणी ओतत गेलो. टक झालं ते २३ आणि २४ च्या मधे. चार टक्क्यांच्या आत आहे, आणखी काय हवं? क्लिकवाल्या रेंचला उठसूट नावं ठेवणाऱ्यांनी एकदा ही बादली टांगून बघावी. खोट काढायचीच तर रेंचच्या आकड्यांच्या पट्टीच्या तळाच्या वीस टक्क्यांत काढा, तिथे हे रेंच खरंच बेभरवशाचे असतात. मधल्या भागात साधा रेंचही नीट वागतो. फक्त काम झाल्यावर सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा आणि नट सोडवायला ब्रेकर बार (साधा लांब दांडा) वापरायचा.

मग स्टड आणि नट. आटे तारेच्या ब्रशने साफ केले, नट दुसऱ्या चाकाच्या नटांशी बदलले, हबचा (ज्यावर चाक बसतं त्या भागाचा) चेहरा आणि मधल्या कड्याभोवतीचा गंज घासून काढला. ब्रेकची डिस्क आणि हबच्या मधे काही अडकलंय का तेही पाहिलं. काही नाही. ज्यांनी आट्यांना कॉपर ग्रीस लावायला सांगितलं, त्यांचा सल्ला मी मुद्दाम मानला नाही. टॉर्कवरून ताण काढायचा गुणांक (नट फॅक्टर, यात घर्षण धरलेलं असतं) कोरड्या आट्यांसाठी साधारण ०.२ धरतात, त्या हिशेबाने १०३ न्यूटन मीटरला एम१२ स्टडवर जवळपास ४.४ टनांचा ताण येतो. ग्रीसने गुणांक ०.१५ वर आला की रेंचवर आकडा तोच, पण स्टडवर ५.८ टन! पुस्तकातला आकडा कोरड्या, स्वच्छ आट्यांसाठी असेल तर ग्रीस लावून तो आकडा वापरणं म्हणजे स्टड तोडायची तयारी. हबच्या मधल्या कड्याला पुसट हात फिरवा, तिथे हरकत नाही.

नवे स्टड मागवायची यादी तयारही होती. तेवढ्यात वाटलं, चाकच फिरवून बघू. डावं मागचं उजवीकडे पुढे, तिथलं इकडे. पुढच्या तपासणीत उजवीकडचे पुढचे नट ढिले आणि मागचं डावं एकदम ठणठणीत. दुखणं रिमबरोबर गेलं! त्या क्षणी जे वाटलं ते गाडीवर हात काळे करणाऱ्यालाच कळेल.

ही तीच रिम, जी कडेला घासल्यावर पुन्हा पावडर कोटिंगला (भट्टीत भाजून बसवलेल्या रंगाला) दिली होती. कोटिंग करणाऱ्याने काम चकाचक केलं, पण नटांच्या बैठका आणि हबला टेकणारी मागची बाजू झाकायचे कष्ट घेतले नाहीत. सगळीकडे सारखाच गुळगुळीत थर. आधी मला ते क्षुल्लक वाटलं. रंगाच्या थरानं चार टनांच्या पकडीला काय होणार?

मग आकडे मांडले. टॉर्कचा जेमतेम दहावा भाग स्टड ताणायला लागतो, बाकीचा नटाच्या बुडाशी आणि आट्यांत घर्षणातच खर्च होतो. ४.४ टनांच्या ताणाखाली २५ मिलिमीटर लांबीचा स्टड किती लांबतो? साधारण ०.०६ मिलिमीटर. चाक धरून ठेवणारी सगळी पकड या साठ मायक्रॉनच्या लांबण्यातून येते. पावडर कोटिंगचा थर सहज ६० ते १०० मायक्रॉनचा असतो. वर बैठक निमुळती, म्हणजे उतारावरचा ८० मायक्रॉनचा थर पूर्ण दबला तर नट अक्षाच्या दिशेने त्याच्या दुप्पट, १६० मायक्रॉन आत जातो. स्टड लांबलाय त्याच्या अडीचपट! आवळताना थोडा थर खरवडला जातो, उरलेला ब्रेकच्या उष्णतेनं मऊ होऊन हळूहळू पिचत राहतो, आणि दर वेळी ताणाचा थोडा घास घेतो. रेघा का हलत नव्हत्या, ते इथे उलगडलं.

उपाय सुचला तो आधी ड्रिलला कोनाचं टूल लावून बैठका साफ करायचा. नको. अॅल्युमिनियम खरवडलं गेलं, कोन जरा बिघडला तर रिम कायमची गेली. म्हणून रंग काढायचा जेल कापसाच्या बोळ्याने फक्त बैठकांत आणि मागच्या टेकणाऱ्या भागावर लावला, प्लॅस्टिकच्या पातीनं थर उचलला, पाण्याने स्वच्छ धुतलं. वेळखाऊ आणि वासानं डोकं उठवणारं काम आहे, हातमोजे घाला. नंतर नटाच्या निमुळत्या भागाला मार्करची शाई फासून हाताने आवळून ठसा पाहिला: पाचही बैठकांत पूर्ण वर्तुळ. ते वर्तुळ मी जरा जास्तच वेळ न्याहाळत बसलो.

चाक हवेत असताना हातानं, मग ४० ला, मग टायर जमिनीला लागल्यावर ताऱ्याच्या क्रमाने (एक नट सोडून पुढचा) १०३. फेरी मारून तपासलं, एकही नट हलला नाही. अर्थात नुसत्या टकवर माझा भरवसा नाही, कारण स्थिर घर्षण जास्त असतं आणि १५० ला आवळलेला नटही १०३ ला टकच म्हणेल. म्हणून एक-एक नट रेघ मारून थोडा सोडला आणि पुन्हा १०३ पर्यंत आणला. पाचही रेघा जिथल्या तिथे परत आल्या.

आता हे लिहिता लिहिता एक सुचतंय. ४० पासून १०३ पर्यंत नट किती अंश फिरतो, हे प्रत्येक चाकावर मोजलं तर? साठपैकी ४० ते १०३ च्या वाट्याला येतात सदतीसेक मायक्रॉन, दीड मिलिमीटरच्या आट्याला ते म्हणजे जेमतेम ९ अंश, रिमचं दबणं धरून थोडे जास्त. मधे मऊ थर असलेली बैठक यापेक्षा स्पष्ट जास्त कोन खाईल, आणि शंभर किलोमीटर पळवायची गरजच उरणार नाही. बाजारातलं अंश मोजायचं डिजिटल उपकरण मी घेणार होतो, पण सॉकेटवर चिकटवलेला कागदी कोनमापकही पुरेल असं वाटतंय. स्टडची यादी रद्द. पुढचा नंबर स्टेपनीचा, तिची पोलादी रिमही बैठकांपर्यंत रंगवलेली आहे. चारही चाकांचे कोन आणि स्टेपनीचा कोन एकाच तक्त्यात टाकतो.